क्रुशियल बीएक्स५०० एसएसडी (४८० जीबी), तेरा वर्षं जुन्या डेस्कटॉपमधे सहा महिने वापरून

आधीच सांगतो, हा एसएसडीचा (हार्ड डिस्कच्या जागी लावायच्या वेगवान ड्राइव्हचा) रिव्ह्यू आहे पण निम्मं लिखाण एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, जाणार आहे आणि त्याला कारण आहे. जुलै २०२५ मधे हा ड्राइव्ह घेतला आणि तिसऱ्या दिवशी मी त्याला एक स्टार देऊन परत करायला निघालो होतो, रिटर्नची रिक्वेस्ट टाकूनसुद्धा झाली होती. ड्राइव्हची काडीची चूक नव्हती. तेव्हा जुन्या पीसीत एसएसडी टाकायचा विचार कुणी करत असेल तर कृपा करून मधलं सोडून शेवटच्या स्टारवर जाऊ नका.

पीसी अण्णांचा आहे, म्हणजे माझ्या वडिलांचा. आम्ही इचलकरंजीचे. अण्णा गेली पंचवीस वर्षं छोट्या यंत्रमागवाल्यांचा जमाखर्च लिहितात, आधी लाल वह्यांत, मग टॅलीवर, आणि २०१७ ला जीएसटी आल्यापासून त्यांची रिटर्न भरायचं कामपण तेच करतात. हा पीसी २०१२ च्या दिवाळीत जोडून घेतलेला. आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड), डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस, ज्यावर ४५० वॉट असं ठळक छापलेलं. तेव्हा एवढं पुष्कळ होतं. अण्णांनी त्याला जीवापाड जपलंय, रोज संध्याकाळी काम झालं की वर कापड टाकायचं म्हणजे टाकायचंच.

गेल्या दोन वर्षांत मात्र तो फारच थकला होता. बटण दाबल्यापासून टॅली उघडेपर्यंत सात-आठ मिनिटं, टास्क मॅनेजरमधे बघावं तर डिस्क सतत १०० टक्के, आणि प्रोसेसर आपला वीस टक्क्यांवर निवांत. अण्णा बटण दाबून अंघोळीला जायचे. पावसाळ्यात अजून एक, सकाळी चालू केला की नुसतं बीप बीप बीप आणि स्क्रीन काळी. आणि या सगळ्यात मग तारखेचं लफडं सुरू झालं.

जुलैची १० तारीख होती. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख ११, त्यामुळे त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवायची घाई करत नाही. अण्णांनी पोर्टल उघडलं तर ब्राउझर म्हणतोय तुमचं घड्याळ मागे आहे, आणि आत जाऊच देईना. खाली कोपऱ्यात बघितलं तर तारीख १ जानेवारी २०१२. अण्णांना वाटलं पोर्टलच बंद पडलं, शेवटच्या दिवशी पडतं तसं. पण ते नव्हतं. साइटचं जे सर्टिफिकेट असतं त्याला मुदत असते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आणि ब्राउझर ती मुदत तुमच्या पीसीच्या घड्याळाशी ताडून बघतो, घड्याळ २०१२ मधे असेल तर २०२५ चं सर्टिफिकेट त्याला खोटंच वाटणार. तारीख हाताने नीट केली, रिटर्न गेली, सकाळी पुन्हा १ जानेवारी २०१२.

हा बोर्डावरचा सेल. सीआर२०३२ म्हणतात, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा चपटा, घड्याळवाल्याकडे ३० रुपयाला मिळाला. पीसीला वीज चालू असेल तर घड्याळ त्या विजेवर चालतं, पण अण्णा रात्री भिंतीवरचं बटणसुद्धा बंद करतात, मग रात्रभर सगळा भार या एवढ्याशा सेलवर. तेरा वर्षांत एकदाही बदललेला नव्हता. मी तो बदलला, बायोसमधे (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डाचा सेटिंगचा भाग) जाऊन तारीख लावली, झालं. हा सेल छोटा आहे म्हणून सोडून देऊ नका, एसएसडी टाकायच्या आधी हा बदलाच. का ते पुढे सांगतो.

सेल बदलला आणि मला हुरूप आला. आठवडाभर वाचून काढलं सगळीकडे, सगळे एकच सांगत होते, जुना पीसी हळू झालाय का, एसएसडी टाका. ते खरंच आहे, पण अर्धंच आहे. मी ऑनलाइन बीएक्स५०० मागवला, ४८० जीबीचा, तेव्हा २,९०० ला पडला. २४० चा स्वस्त होता पण अण्णांचा सगळा डेटा, घरचे फोटो आणि विंडोज असं सगळं धरून म्हटलं मोठाच घेऊ.

डबा उघडल्यावर पहिल्यांदा घेणाऱ्याला जरा चुकल्यासारखं होतं. आत फक्त ड्राइव्ह आणि एक कागद. केबल नाही, स्क्रू नाहीत, ब्रॅकेट नाही. ड्राइव्ह अडीच इंची आणि प्लॅस्टिकचा, हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीसारखा हलका, अण्णा दोनदा उलटसुलट करून म्हणाले यात काही आहे का नाही. जुन्या कॅबिनेटमधे जागा साडेतीन इंचीची असते म्हणून ब्रॅकेट वेगळं घ्यावं लागतं, साटा केबल (ड्राइव्ह बोर्डाला जोडणारी) पण वेगळी. दोन्ही मिळून १८० रुपये गेले. ब्रॅकेट नाही मिळालं तर डबल टेपने चिकटवला तरी चालतो, कारण आत फिरणारं काहीच नाही, हार्ड डिस्कला मात्र असं कधीच करू नका.

जुन्या हार्ड डिस्कवरून क्लोन करायचा, म्हणजे सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, का नवीन विंडोज टाकायचं हा पहिला प्रश्न. क्रुशियलच्या साइटवर क्लोन करायचं सॉफ्टवेअर मिळतं. पण मी आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने डिस्क तपासली तर पिवळा रंग आला आणि सी५ या ओळीत आकडा. सी५ म्हणजे डिस्कवरचे असे भाग जे वाचताना डिस्कला अडचण येतेय आणि जे बदलायला रांगेत उभे आहेत. तो आकडा शून्य नसेल तर त्या डिस्कवर जास्त मेहनत करू नये, आधी डेटा बाहेर काढावा. टॅलीचं अख्खं फोल्डर दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेतलं, एक अण्णांच्या कपाटात, एक माझ्याकडे. चाळीस मागवाल्यांची तेरा वर्षांची खाती आहेत ती, एसएसडी गेला तर दुसरा घेता येईल, ती खाती कुठून आणणार होतो.

अशा आजारी डिस्कवरून क्लोन करणं म्हणजे तिचा आजार सोबत घेऊन येणं, म्हणून नवीन विंडोज टाकायचं ठरवलं. आणि इथेच त्या सेलचं महत्त्व. या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर साटाचा मोड मुळात आयडीई या जुन्या पद्धतीवर असतो, एसएसडीसाठी तो एएचसीआय या नव्या पद्धतीवर न्यायचा आणि तोही विंडोज टाकायच्या आधी. नंतर नुसता बदलला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून बसतं. आता सेल मेलेला असेल तर बायोस प्रत्येक वेळी मूळ सेटिंगवर परत जाणार, म्हणजे मोड परत आयडीई, म्हणजे सकाळी निळी स्क्रीन, आणि माणूस दोष देणार एसएसडीला. ३० रुपयांच्या सेलसाठी.

तर सेल नवा, मोड एएचसीआय, पेनड्राइव्ह तयार, विंडोज टाकायला घेतलं. साठ-बासष्ट टक्क्यांवर पीसी खटकन बंद झाला आणि परत चालू. पुन्हा घेतलं, या वेळी ऐंशीच्या पुढे गेला आणि परत तेच. तिसऱ्या वेळी एकदाचं झालं, आणि डेस्कटॉप आल्यावर तासाभराने पुन्हा रिस्टार्ट. इव्हेंट व्ह्युअरमधे, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ अशा नोंदी. ही नोंद एवढंच सांगते की पीसी नीट बंद न होता गेला, का गेला ते सांगत नाही. मी धरून चाललो की ड्राइव्ह खराब आलाय, नवीन गोष्ट तीच होती ना. तेव्हाच ती रिटर्नची रिक्वेस्ट टाकली.

मधल्या एका दिवशी एका दुकानात पीसी घेऊन गेलो होतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण अनुभव लिहिणं गरजेचं आहे. त्यांनी कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. चालू केला, बीप ऐकला, बंद केला आणि म्हणाले बोर्ड गेला, याचा बोर्ड आता मिळत नाही, २८ हजारांत नवीन सेट देतो, जुन्याचे हजार धरतो. अण्णा शांतपणे ऐकत होते, पैशाची जुळवाजुळव मनात सुरू झालेली मला दिसत होती. पीसी रिक्षात घालून आम्ही परत आलो. मला राग याचा आहे की समोरच्याला काही कळत नाही हे बघून न तपासता निदान सांगितलं गेलं, अण्णांसारखी कितीतरी माणसं रोज असं ऐकून घेऊन पैसे मोजत असतील.

आमच्या गल्लीत टीव्ही रिपेअर करणारे एक काका आहेत, सत्तरीकडे आलेत, आता फक्त ओळखीच्यांचं काम करतात. अण्णाच म्हणाले त्यांना दाखवू. काकांनी आधी कॅबिनेटला उलटा हात लावला आणि म्हणाले, "करंट मारतोय की रं ह्यो." तो मारायचाच, कायमच झिणझिण्या यायच्या, आम्हाला त्याची सवय झालेली. काकांनी भिंतीतला सॉकेट उघडला तर अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या आत एक फिल्टर असतो, त्यातून थोडासा करंट अर्थिंगला जायला हवा, अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. ती वायर आधी जोडली, मगच पुढचं.

मग बाजूचं झाकण काढलं. हे फक्त आमच्या गावात दिसेल बहुतेक. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या खाली जे ॲल्युमिनियमचं पंखुड्या-पंखुड्यांचं हीटसिंक असतं त्याच्यावर सुताच्या तुसाचा थर बसलेला, धूळ नाही, अक्षरशः कापड, बोटाने उचललं तर गोल आकाराचा अख्खा तुकडा निघून आला, गादीत भरतात तसला, करडा. शेजारी दोन्ही बाजूला माग चालतात, तूस हवेतच असतं, पंखा ते ओढतो आणि पंखुड्यांवर विणत बसतो. वरून पंखा फिरताना दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही, खाली हवा जातच नसते. काम करताना प्रोसेसर ९० अंशांच्या वर जात होता. पंखा काढला, ब्रशने आणि ब्लोअरने साफ केलं, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, ती पुसून नवी लावली, मटारच्या दाण्याएवढी. आता दिवसभर काम केलं तरी ६० च्या आत असतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, जोरात फिरला तर बेअरिंग खराब होतं.

रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात काकांनी शाळेतल्या खोडरबरने घासले, हलक्या हाताने, एका दिशेने. खोडरबरचा काळा चुरा पडला ना, तेवढाच तो बीप. दमट हवेत त्या दातांवर पापुद्रा येतो आणि संपर्क तुटतो, म्हणून पावसाळ्यातच व्हायचं. त्या दिवसापासून बीप झालेला नाही. म्हणजे दुकानात जे ऐकून बोर्ड गेला म्हटलं होतं ते पाच रुपयाच्या खोडरबरचं काम होतं.

पण रिस्टार्ट राहिलाच होता. काकांनी मल्टिमीटर लावला, एसएमपीएसच्या मोकळ्या पिनेत पिवळी वायर आणि काळी वायर. पिवळी म्हणजे १२ व्होल्टची. पीसी नुसता चालू असताना ११.७. मग मला म्हणाले आता त्याला काम सांग, मी एक मोठी फाइल झिप करायला लावली आणि आकडा घसरायला लागला, ११.५, ११.३, ११.१ आणि खटकन अंधार. १२ व्होल्टला पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. काका एवढंच म्हणाले, "बोर्ड बरा हाय. खायालाच मिळंना त्येला, पळंल कसा?"

ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. मी आठवडाभर सगळं वाचलं होतं, एसएसडीचे स्पीड, रॅमचे मेगाहर्ट्झ, आणि ज्याच्यातून सगळ्यांना वीज जाते त्या डब्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. काकांनी तो एसएमपीएस काढून हातात दिला, वजनाला काहीच नाही. मग त्यांनी तो उघडला आणि आतले दोन कपॅसिटर दाखवले, वरचं तोंड सपाट असायला हवं ते टम्म पुरीसारखं फुगलेलं आणि एकाच्या कडेला तपकिरी चिकट काहीतरी आलेलं. हे तुम्ही घरी अजिबात करू नका, वायर काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमधे तीनशे व्होल्टच्या वर वीज शिल्लक राहू शकते, काकांनी चाळीस वर्षं टीव्ही उघडलेत म्हणून त्यांना जमतं. घरच्या घरी करायचं असेल तर मीटर लावून आकडा बघणं किंवा ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस एक दिवस लावून बघणं, एवढंच.

नवीन एसएमपीएस घेतला कॉर्सेअर सीव्ही४५०, ३,२०० ला, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), तीन वर्षं वॉरंटी. छापलेले वॉट जुन्यावरही ४५० आणि यावरही ४५०, पण हातात घेतल्यावरच फरक कळतो. या आय३ ला खरं तर ४५० लागतच नाहीत, प्रोसेसर ५५ वॉटचा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, सगळं मिळून शंभरच्या आसपास. लागतात ते स्थिर १२ व्होल्ट. यावर तीच झिपची परीक्षा केली, तर आकडा १२.१ वरून हलला नाही. शेजारचे माग एकदम सुरू झाले की आमच्याकडचे दिवे क्षणभर मंद होतात, तेव्हासुद्धा नाही. वायरी जरा कडक आहेत, जुन्या छोट्या कॅबिनेटमधे वळवून बसवायला अर्धा तास गेला, आणि वायरी सुट्या होत नाहीत त्यामुळे न लागणाऱ्यासुद्धा कुठेतरी कोंबाव्या लागतात, आम्ही डीव्हीडी रायटरच्या मागे कोंबल्या.

आणि मग तोच एसएसडी, जो मी परत पाठवणार होतो, पुन्हा लावला. विंडोज पहिल्या झटक्यात झालं. रिटर्नची रिक्वेस्ट रद्द केली. तेव्हापासून आजपर्यंत, सहा महिने होत आले, एकही आपोआप रिस्टार्ट नाही.

आता खुद्द ड्राइव्हबद्दल. डब्यावर ५४० एमबी प्रति सेकंद लिहिलंय, मला २७० च्या आसपास मिळतात. ही ड्राइव्हची कमतरता नाही, एच६१ चिपसेटचे साटा पोर्टच ३ गिगाबिटचे आहेत, त्यातून याच्यावर जातच नाही. ज्यांच्याकडे याच पिढीचा बी७५ किंवा झेड७७ चा बोर्ड असेल त्यांनी ६ गिगाबिटचा पोर्ट कुठला ते मॅन्युअलमधे बघून त्यालाच लावा. पण खरं सांगतो, हा निम्मा वेग अण्णांना कळतसुद्धा नाही. कळतो तो बारीक बारीक फाइली वाचायचा वेग. विंडोज चालू होताना, टॅली कंपनी उघडताना हजारो छोटे तुकडे वेगवेगळ्या जागेवरून उचलायचे असतात, हार्ड डिस्कची सुई तिथे पळून पळून दमते, क्रिस्टलडिस्कमार्कवर तिला सेकंदाला एक एमबीसुद्धा जमत नव्हता, हा वीस-पंचवीस देतो. बटण दाबल्यापासून टॅली उघडेपर्यंत आता पन्नास सेकंद. पहिल्या दिवशी अण्णा सवयीने टॉवेल घेऊन उठले आणि स्क्रीन बघून परत बसले, काही बोलले नाहीत, नुसतं टॅलीत एक खातं उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं, असं पाच मिनिटं चाललं होतं.

कमी काय आहे तेही लिहितो. या ड्राइव्हमधे वेगळा डीरॅम कॅश (ड्राइव्हची स्वतःची झटपट मेमरी) नाही, आणि या किमतीच्या जवळपास सगळ्याच एसएसडींचं तसंच असतं. त्यामुळे एका दमात पन्नास-साठ जीबी कॉपी करणाऱ्यांनी, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी दोन पैसे जास्त घालून कॅशवाला घ्यावा. हिशेब, टायपिंग, पोर्टल, बिलं यांच्यासाठी हा पुरेसा आहे. ४८० जीबीला कंपनी १२० टीबी लिहिण्याची हमी देते, अण्णांचं सहा महिन्यांत दीड टीबीसुद्धा झालेलं नाही, या हिशेबाने तर चाळीस वर्षं जातील, म्हणजे त्याच्या आधी बाकी सगळं बदललेलं असेल. हेल्थ ९९ टक्के दाखवतो.

एक महत्त्वाचं, आता घेणाऱ्यांसाठी. क्रुशियल ही मायक्रॉनची, आणि मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मधे जाहीर केलंय की क्रुशियलच्या नावाने किरकोळ विक्रीचा धंदा ते बंद करतायत, वॉरंटी मात्र चालू ठेवणार आहेत. त्यामुळे दुकानात शिल्लक असलेला माल घेत असाल तर बिल नीट जपून ठेवा, अण्णांनी तर ड्राइव्हच्या डब्यातच घडी करून ठेवलंय. आणि २०२५ च्या अखेरीस रॅम-एसएसडी दोन्हींचे भाव चढले, मी दिलेली किंमत जुलै २०२५ ची आहे, ती धरून भांडायला जाऊ नका.

रॅम पण वाढवली, पण ती सगळ्यात शेवटी. अजून एक ४ जीबीची जुनी पट्टी ६०० रुपयाला घेतली, आता दोन पट्ट्या जोडीने चालतात, ८ जीबी. एच६१ वर दोनच जागा असतात, एकूण १६ च्या वर जात नाही. ऑनलाइन फारच स्वस्त डीडीआर३ दिसली तर खालचं बारीक वाचा, काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात, इंटेलवर पीसी चालूच होत नाही. आणि जुनी पट्टी घेतली की मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा, सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी परत करा. हिशेबाच्या पीसीत खराब रॅम म्हणजे आकडा गुपचूप बदलला तरी कुणाला कळायचं नाही. माझी रात्रभरात चार फेऱ्या स्वच्छ गेली.

ग्राफिक कार्ड घेतलं नाही, लागतच नव्हतं. आय५-३४७० जुना मिळत होता, चार कोअरचा, याच बोर्डात बसला असता, पण अण्णांच्या कामात प्रोसेसर कधी भरलेलाच दिसत नाही, उगाच कशाला. एनव्हीएमईचा लांबट एसएसडी बघून काहीजण मोहात पडतात, या बोर्डांना त्याची खाच नाही, ॲडॉप्टर लावला तरी त्याच्यावरून विंडोज सहजासहजी चालू होत नाही, साटावालाच घ्या.

विंडोजबद्दल खूप जण विचारतील म्हणून. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, विषय संपला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आम्ही वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवलंय, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमधेच होतं त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकावी, या मशीनवर मी पेनड्राइव्हवरून चालवून बघितलीय, मस्त पळते. पण अण्णांची टॅली आणि डिजिटल सहीचं डीएससी टोकन विंडोजवरच बसलेलं आहे, चौसष्टाव्या वर्षी त्यांना मी सगळं नव्याने शिकायला लावणार नाही. ऑक्टोबर २०२६ ला बघावं लागेल, तेव्हा हा एसएसडी आणि एसएमपीएस काढून पुढच्या पीसीत घालता येतील, तेवढे पैसे वाया जाणार नाहीत.

खर्च मांडतो. एसएमपीएस ३,२००, एसएसडी २,९००, रॅम ६००, थर्मल पेस्ट २००, केबल आणि ब्रॅकेट १८०, सेल ३०, आणि काकांनी घेतले ३००, तेसुद्धा अण्णांनी जबरदस्तीने खिशात घातले म्हणून. एकूण ७,४१०. समोर २८ हजार होते.

आज पुन्हा पहिल्यापासून करायचं असतं तर क्रम असा लावला असता, आधी डेटा बाहेर, मग झाकण उघडून साफसफाई आणि खोडरबर, मग सेल, मग मीटर लावून एसएमपीएस, आणि हे सगळं नीट निघाल्यावर एसएसडी मागवला असता. निम्म्या लोकांचं काम तिसऱ्या पायरीवरच होऊन जाईल कदाचित.

एसएसडीला पाचपैकी चार स्टार, एक कमी कारण डब्यात निदान चार स्क्रू तरी द्यायला हवे होते. सीव्ही४५० ला पाच. जुनी हार्ड डिस्क मी टाकली नाहीये, तिच्यावर लेबल चिकटवून कपाटात ठेवलीय, "सी५ आहे, वापरू नये" असं अण्णांच्या अक्षरात. आणि दर दोन महिन्यांनी एका रविवारी झाकण उघडून पंख्याखालचं तूस काढायचं हे आता अण्णांनीच स्वतःकडे घेतलंय, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारांना निळ्या पेनाने गोल करून ठेवलेत.